महानगराचे वाद्यसंगीत

मोटारींचे भोंगे, भुयारी रेल्वेची धडधड, फेरीवाल्यांच्या हाका, बांधकामावरील यंत्रांचे ठोके या साऱ्यांना महानगरातील माणूस गोंगाट म्हणतो व कानाआड करतो. परंतु याच आवाजांना काही पाश्चात्त्य संगीतकारांनी वाद्यांच्या बरोबरीचे स्थान दिले.

1928 साली अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांची ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ ही वाद्यवृंदरचना रसिकांसमोर आली. पॅरिसमधील रस्त्यांची वर्दळ ऐकवण्यासाठी त्यांनी टॅक्सीचे खरेखुरे भोंगे वाद्यमेळात योजले होते.

पुढे न्यूयॉर्कचे संगीतकार स्टीव्ह राइश यांनी ‘सिटी लाइफ’ (1995) ही रचना 18 वादकांसाठी लिहिली. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, पियानो, तालवाद्ये व तंतुवाद्ये यांच्या जोडीला तीत दोन ‘सॅम्पलर’ आहेत. सॅम्पलर हे पेटीसारख्या पट्ट्या असलेले विद्युत-वाद्य होय. पट्टी दाबताच त्यातून आधी मुद्रित केलेला आवाज उमटतो. ध्वनिफीत लावली, तर वादकांना तिच्या गतीने चालावे लागते. सॅम्पलरमुळे मात्र शहराचा आवाजच वादकांच्या लयीत येतो.

या रचनेचे पाच भाग आहेत. पहिल्या भागात रस्त्यावरील विक्रेत्याची हाक ऐकू येते. त्या हाकेतील स्वरांचा चढउतार वाद्ये उचलतात आणि बोलण्याचेच सुरावटीत रूपांतर होते. दुसऱ्या भागात पायाचे खांब ठोकणाऱ्या यंत्राचे आघात, तर चौथ्यात हृदयाचे ठोके लय ठरवतात.

शेवटचा भाग सर्वांत गंभीर आहे. 26 फेब्रुवारी 1993 रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बाँबस्फोट झाला व त्यात सहा जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी अग्निशामक दलाच्या जवानांनी बिनतारी यंत्रावरून एकमेकांना दिलेले संदेश राइश यांनी येथे वापरले आहेत. दाट धुराची वार्ता देणारे ते घाईचे शब्द वाद्यांच्या साथीने पुनःपुन्हा ऐकू येतात. 2001 साली दहशतवादी हल्ल्यात तेथील दोन्ही मनोरे कोसळले. त्यानंतर ही रचना ऐकणाऱ्यांना हे स्वर अधिकच अस्वस्थ करतात.

शहराच्या आवाजांत केवळ यंत्रांचा खडखडाट नसतो. पोटासाठी दिलेली हाक असते आणि संकटात धावून जाणाऱ्या माणसाचा शब्दही असतो. एरवी गोंगाटात हरवणारे हे मानवी स्वर अशा संगीतामुळे लक्षपूर्वक ऐकले जातात.