राजूर घाट, काळी माती आणि मोटारीचे बुश

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेली मोटार राजूर घाट उतरू लागली की उतार, वळण आणि ब्रेक या तिन्हींचा भार तिच्या पुढच्या चाकांवर एकदम येतो. चालक ब्रेक दाबतो, रस्ता चाकाला मागे रेटतो आणि गाडीचं धूड पुढे जाऊ पाहतं. या ओढाताणीत चाक जागेवर धरून ठेवतो तो लोअर आर्म. तो आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे मुठीत मावेल एवढा रबराचा बुश बसवलेला असतो. हा बुश फाटला असेल तर घाटातच पहिल्यांदा लक्षात येतं. ब्रेक लावताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो, सोडताना पुन्हा एकदा येतो, आणि स्टेअरिंग एका अंगाला ओढू लागतं.

गावातल्या गतिरोधकावर तोच आवाज खटखट होऊन येतो. बरेच जण तो शॉकअपचा समजतात आणि महिनोन्‌महिने तशीच गाडी चालवतात. तोवर टायरची आतली कड झिजून तारा दिसायला लागतात. बुश काही शे रुपयांत मिळतो, टायरला मात्र हजारो मोजावे लागतात. म्हणून या दुर्लक्षित भागाकडे नीट पाहायला हवं. शिवाय बुश बदलण्याचं काम बऱ्याच अंशी घरच्या आवारात करता येतं. त्यासाठी हातात जोर असावा लागतो, पण त्याहून अधिक लागतो तो धीर.

बुलढाणा जिल्ह्यात या बुशांना जास्त कष्ट पडतात आणि त्याचं कारण मोठ्या प्रमाणात जमिनीत आहे. घाटाखाली पूर्णेचं खोरं सुरू होतं. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा सगळा काळ्या, चिकण मातीचा पट्टा. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर टाकलेला डांबरी रस्ता या फुगण्या-आकसण्याबरोबर हलतो. म्हणून खड्डे बुजवले तरी रस्त्याला लाटा उरतात, कडा खचतात आणि साइडपट्टी व डांबर यांच्यात पायरी तयार होते. समोरून ट्रक आला की छोट्या गाडीला त्या पायरीवरून उतरावं लागतं, पुन्हा चढावं लागतं. वावराकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याची तर गोष्टच नको.

त्यात गतिरोधकांची भर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी 25 किलोमीटर वेगाने ओलांडायचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असायला हवा. एवढ्या रुंदीवर चाक हळूहळू चढतं आणि हळूहळू उतरतं. गावोगावी हाताने घातलेले अरुंद, उभे उंचवटे मात्र चाकाला थेट धक्का देतात, आणि तो धक्का आर्मवाटे बुशापर्यंत जातो. उलट टोकाला समृद्धी महामार्ग आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि तो मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या भागांतून जातो. तिथे काँक्रीट सपाट आहे, पण मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. ताशी 40 वर जो ढिलेपणा जाणवतही नाही, तो त्या वेगात गाडीला लेनमध्ये सरळ राहू देत नाही.

बुशाची रचना समजली की पुढचं सगळं काम समजतं. दोन लोखंडी नळ्या असतात, एकीच्या आत दुसरी, आणि मधे रबर. हे रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्मच्या घरात घट्ट दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी सांगाड्याच्या ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. म्हणजे इथे काहीही फिरत नाही, काहीही घासत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा मधलं रबरच पीळ खातं आणि पुन्हा सरळ होतं. गाडी धावत असते तोवर ते हेच करत असतं.

जुन्या मंडळींच्या मनात मात्र वेगळीच सवय बसलेली आहे. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी असो की ॲम्बेसेडर, पुढच्या चाकांचा किंगपिन ठरावीक अंतरानंतर ग्रीस मागायचा, आणि गाडीचं ग्रीसिंग करून घेणं हा घरच्या शिस्तीचा भाग होता. त्यामुळे आजही कुठे करकर आली की ‘ग्रीस मारा’ हा सल्ला हमखास मिळतो. रबराच्या बुशाला तो घातक आहे. खनिज तेल आणि ग्रीस यांनी नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटतं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली, 1844 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण तेलापुढे हे रबर आजही हार मानतं. इंजिनचं तेल गळून बुशावर ठिबकत असेल तर आधी ती गळती बंद करावी. नाहीतर नवा बुशही जुन्याच्या वाटेने जाईल.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन पद्धतीचं पुढचं सस्पेंशन भारतात घरोघर पोचलं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना 1950 च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटनमधल्या कन्सल आणि झेफर या गाड्यांत आली होती. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, खाली एकच आर्म. सुटे भाग कमी आणि खर्चही कमी. पण वरचा आर्म नसल्यामुळे खालच्या आर्मवरची जबाबदारी वाढते. मारुती 800 मध्ये तर तो आर्म मागे-पुढे सरकू नये यासाठी स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणात गाडीचा झोक आवरणाऱ्या, दांड्याचाच आधार घेतलेला आहे. दांड्याचं टोक आर्ममधून जातं आणि तिथलेही बुश झिजतात. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत आर्म इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा असतो. त्याचा पुढचा बुश कडक, आडवा जोर झेलणारा. मागचा मोठा आणि मऊ, ब्रेकचा झटका जिरवणारा. या मागच्या बुशात पुष्कळदा मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्या पाहून चांगला बुश फाटलेला ठरवला जातो, किंवा दुकानातला नवाकोरा बुश परत केला जातो. खरी फाट वेडीवाकडी असते, तिच्या कडा चिरटलेल्या असतात आणि रबर नळीपासून सुटलेलं दिसतं.

आवाज बुशाचाच आहे का, हे आधी पक्कं करायला हवं. लिंक रॉड, बॉल जॉइंट, शॉकअपच्या वरचं माउंट ही सगळी मंडळी जवळपास एकाच सुरात बोलतात. गाडी सुरक्षित उचलून चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर संशय बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर जातो. डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडवर. मग आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलका रेटा द्यावा. रबर थोडं दबणारच. पण आतली नळी एकीकडे आणि आर्म दुसरीकडे अशी सरळ उडी मारताना दिसली तर बुश गेला. हे तपासण्याआधी गाडी खालून धुऊन घ्यावी, कारण काळ्या मातीची वाळलेली ढेकळं बुशाभोवती अशी बसतात की फाट दिसतच नाही.

आता कामाला हात घालण्यापूर्वीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथे काळी माती पुन्हा आडवी येते. वाळलेल्या अंगणात टणक वाटणारी ही जमीन आत ओली असेल तर जॅकचा पाया हळूहळू रुतत जातो, जॅक तिरपा होतो आणि गाडी घसरते. म्हणून काम फरशीवर किंवा काँक्रीटवरच करावं. डिकीतला कैची जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड हवेत, तेही कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या मजबूत जागी. विटांचा थर लावू नये, वीट पूर्वसूचना न देता फुटते. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओट लावावेत, हँडब्रेक ओढावा, काढलेलं चाक गाडीच्या काठाखाली आडवं सारून ठेवावं आणि स्टँडवर घेतल्यानंतर गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. हलायची असेल तर ती तेव्हाच हलू दे, माणूस खाली नसताना.

पुढची दोन्ही चाकं एकदम उचलावीत. एकच उचललं तर स्टॅबिलायझरचा दांडा पिळून राहतो आणि बोल्ट निघताच झटका देतो. गाडी उचलायच्या आधी मात्र टेप घेऊन एक माप घ्यायचं असतं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. समजा ती 36 सेंटीमीटर भरली, तर खडूने मडगार्डवर तशी लिहून ठेवावी. हे माप शेवटी लागणार आहे.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. रबराला मात्र ते लागू देऊ नये. बॉल जॉइंटचा बोल्ट काढून आर्म खाली सोडवताना चाकाचा हब बाहेर ओढला जाऊ द्यायचा नाही, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटू शकतो. हब तारेने बांधून ठेवावा आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे पाहावं. आर्म हातात आला की जुना बुश कोणत्या दिशेने बसला आहे याची खूण पंचने किंवा रंगाने करावी. पोकळ्यांची दिशा चुकली तर नवा बुश असूनही गाडी ब्रेक लावताना विचित्र वागते.

घरच्या कामाची सीमा बहुतेकदा इथे येते. बाहेरची नळी आर्ममध्ये गंजाने जाम झालेली असते. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि बुशापेक्षा जरा मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा एवढ्यावर ती ओढून काढता येते. तेही जमलं नाही तर आधी रबर कापून काढावं, हॅकसॉचं पातं आत घालून नळीला एक उभी चीर द्यावी आणि छिन्नीने ती आत मुडपावी. पातं आर्मच्या लोखंडात जाता कामा नये. काही जण रबर जाळून टाकतात. तो धूर विषारी असतो आणि आर्मलाही ताव बसतो. आर्म उचलून खामगाव-चिखलीसारख्या गावातल्या प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे नेणं यात काहीही कमीपणा नाही. नांगर-वखरांपासून ट्रॅक्टरच्या पिनांपर्यंत रोजची दाबकामं करणाऱ्या त्या हाताला बुश म्हणजे थोड्या वेळाचं काम. त्याला एवढंच सांगावं की दाब बाहेरच्या नळीच्या कडेवर द्या, रबरावर किंवा आतल्या नळीवर नको. बसवताना ओलावा लागलाच तर साबणाचं पाणी वापरावं.

बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्मच नवा घेतलेला बरा. काही गाड्यांना सुटा बुश मिळतच नाही. आणि दोन्ही बाजूंचं काम एकदमच करावं, कारण दोन्ही बुशांनी सारखेच किलोमीटर खाल्लेले असतात.

आर्म परत चढवताना नवे सेल्फ-लॉकिंग नट वापरायचे, पण बुशाचे बोल्ट अजून पक्के आवळायचे नाहीत. या कामातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक इथली आहे. स्टँडवर गाडी असताना चाक लोंबकळत असतं, आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर आतली नळी तिथेच जखडते. गाडी जमिनीवर उतरली, आर्म आडवा झाला की रबराला कायमचा पीळ बसतो आणि मग उभ्या गाडीतही तो बुश सतत फाटण्याच्या वाटेवर असतो. नवा बुश लवकर फाटला की दोष सुट्या भागाला दिला जातो. पण त्याआधी बोल्ट कधी आवळले होते, हे विचारायला हवं.

मडगार्डवर खडूने लिहिलेलं माप आता कामी येतं. दुसरा जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ लावून चाकाचा मध्य हळूहळू वर न्यायचा. टेपवर पुन्हा 36 सेंटीमीटर आले की गाडी जणू आपल्या चाकांवर उभी आहे. त्याच उंचीवर बुशाचे बोल्ट आवळायचे, तेही पुस्तकात दिलेल्या टॉर्कने. न्यूटन-मीटरचा आकडा अंदाजाने समजून घ्यायचा तर एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 10 किलो वजन टांगलं की 100 न्यूटन-मीटर होतात. पण आवळताना अंदाजावर न जाता टॉर्क पाना मागून आणावा.

यानंतर व्हील अलाइनमेंट टाळता येत नाही. बुश बदलला की चाकाचा कोन थोडा का होईना हलतोच. उलट, फाटलेल्या बुशावर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. मशीनवर आकडे बरोबर दिसतात आणि गाडी दुकानाबाहेर पडताच आर्म पुन्हा सरकतो. अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी सावकाश न्यावी, रिकाम्या रस्त्यावर दोन-चारदा ब्रेक लावून ती सरळ थांबते का ते पाहावं. काही दिवसांच्या वापरानंतर चाकांचे नट आणि आर्मचे बोल्ट एकदा पान्याने तपासावेत. बुशाच्या बोल्टांची ही तपासणीही गाडी चाकांवर उभी असतानाच करायची.