ऑनलाइन खेळांतील विलंब : स्वरूप व निदान

घरगुती संगणकावर ऑनलाइन खेळ खेळताना प्रतिसाद उशिरा येऊ लागल्यास अधिक वेगाची इंटरनेट जोडणी घेण्याकडे सर्वसाधारण कल असतो. तथापि जोडणीची क्षमता आणि विलंब या दोन भिन्न बाबी होत. खेळास क्षमता अल्प लागते; संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परतण्याचा काळ मात्र निर्णायक ठरतो.

निदानासाठी ‘पिंग’ ही आज्ञा प्रथम घरातील राउटरला व नंतर बाहेरील सर्व्हरला द्यावी. राउटरचेच उत्तर अनियमित येत असल्यास दोष बहुधा वाय-फायचा असतो. अशा वेळी केबल वापरावी. घरातून मोठी फाइल पाठविली जात असतानाच विलंब वाढत असल्यास राउटरमध्ये संदेशांची रांग साचलेली असते. या ‘बफरब्लोट’ दोषावर कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रांगनियंत्रण पद्धती मांडली. राउटरमध्ये तशी सुविधा असल्यास ती सुरू करावी.

अंतरामुळे होणारा विलंब मात्र अटळ असतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटरवरील सर्व्हरकडे जाऊन परतण्यास किमान १० मिलिसेकंद लागतात. तेथे जवळचा सर्व्हर निवडणे हाच मार्ग उरतो.

सारांश, दोषाचे स्थान निश्चित केल्याविना जोडणीवर केलेला खर्च व्यर्थ ठरण्याची शक्यता असते.