पार्क नावाचं स्टेशन आणि कचऱ्यावर उगवलेली बाग

चेन्नई सेंट्रलला उतरून तुम्हाला शहरात जायचं असेल, तर समोरचा रस्ता ओलांडून लोकल पकडावी लागते. त्या लोकल स्टेशनचं नाव आहे 'पार्क'. जवळच आणखी एक स्टेशन आहे, 'पार्क टाऊन'. एकाच बागेच्या नावाची दोन स्टेशनं म्हणजे बाग केवढी मोठी असेल, असं वाटतं ना? बाहेर येऊन बघा. बस, रिक्षा, पादचारी पूल आणि डोक्यावर ऊन. बाग शोधायला लागलात तर गाडी चुकेल.

बाग खरंच होती. १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी इथे 'पीपल्स पार्क' सुरू केला. जागा किती, तर ११६ एकर. मुंबईकरांनी डोळ्यांसमोर शिवाजी पार्कचं मैदान आणावं आणि त्याला चारने गुणावं. त्यात तळी होती, बँड वाजवायला जागा होती, पुढे प्राणिसंग्रहालयही आलं. (ट्रेव्हेल्यन साहेब स्वतः मात्र वर्षभरातच परत बोलावले गेले. सरकारच्या नव्या करांना त्यांनी उघड विरोध केला होता.)

मग ती बाग गेली कुठे? कुणी एका दिवशी येऊन पाडली नाही. व्हिक्टोरिया पब्लिक हॉलला थोडी जागा हवी होती. १९०० मध्ये मूर मार्केट झालं. १९१३ मध्ये महापालिकेची पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग उभी राहिली. नंतर स्टेडियम आलं. प्राणी १९८५ मध्ये वंडलूरला हलवले गेले, आणि त्याच वर्षी मूर मार्केट जळालं, तिथे रेल्वेची इमारत आली. आज त्या सगळ्यातून उरलाय तो 'माय लेडीज गार्डन' नावाचा छोटासा तुकडा. यातली एकही गोष्ट वाईट नव्हती, हेच तर अवघड आहे. टाऊन हॉल, बाजार, महापालिका, खेळाचं मैदान, सगळंच लोकांच्या कामाचं. प्रत्येकाने थोडीच जागा मागितली आणि 'थोडीच तर आहे' म्हणून ती मिळाली.

तुमच्या घराजवळच्या बागेत मागच्या काही वर्षांत काय काय आलं, आठवून बघा. ओपन जिम, पाण्याची टाकी, एखादा हॉल, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. मला काय म्हणायचंय ते कळेल.

आता तुम्हाला त्याच शहरातली उलटी गोष्ट सांगते. लोकल पकडून कोट्टूरपुरमला या. अड्यार नदीच्या परिसरातल्या या स्टेशनच्या अगदी लागून एक सरकारी जागा होती. मालकी सार्वजनिक बांधकाम खात्याची, पण ताबा कचऱ्याचा. राडारोडा, प्लास्टिक आणि उघड्यावर शौचाला येणारे लोक. २००६ च्या सुमारास 'निळल' नावाच्या संस्थेने तिथे झाडं लावायची परवानगी मिळवली आणि कामाला सुरुवात केली. आज तिथे शेकडो झाडं आहेत आणि लोक त्या जागेला 'ट्री पार्क' म्हणतात.

निळल म्हणजे तमिळमध्ये सावली. नेमका उच्चार आपल्याला जमत नाही, कारण तो शेवटून दुसरा आवाज जिभेला आणखी मागे वळवायला लावतो. पण मराठीत 'ळ' आहे म्हणून आपण निदान जवळपास पोचतो. हिंदी बोलणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत. शोभा मेनन यांनी सुरू केलेली ही संस्था २००५ पासून फक्त शहरातल्या झाडांसाठी काम करते.

ट्री पार्क हे नाव ऐकून कारंजी, लॉन आणि प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं डोळ्यांसमोर आणू नका. इथे इथल्याच मातीतली झाडं आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीच तुमच्या ओळखीची आहेत, फक्त नावं वेगळी. तमिळमध्ये 'पुंगम' म्हणतात तो आपला करंज. 'मगिळम' म्हणजे बकुळ. 'नावल' म्हणजे जांभूळ, 'अत्ति' म्हणजे उंबर, 'इलुप्पै' म्हणजे मोह, 'नीर मरुदु' म्हणजे अर्जुन. 'पुन्नै' म्हणजे कोकणातली उंडी, जिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात घालायचे. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचं स्थळवृक्ष हेच पुन्नैचं झाड. तिरुवान्मियूरच्या मंदिरात शमी आहे. तमिळनाडूतल्या जुन्या मंदिरांना असं आपापलं झाड असतं. आजीला विचारलंत तर ती म्हणेल, आपल्याकडेही औदुंबराशिवाय दत्त कुठे असतो?

काम कसं चालतं? बहुतेक बागांच्या बाबतीत आपण फोटो बघतो तो पहिल्या दिवसाचा. पाहुणे, खड्डा, रोप, झारी, टाळ्या. स्वयंसेवकांचं खरं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. रविवारी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, लोक जमतात. निवृत्त लोक असतात, आयटीतली मुलं-मुली असतात, शाळा-कॉलेजची पोरं असतात, आजूबाजूच्या वस्तीतली मुलं असतात. आळी करायची, तण काढायचं, पाणी द्यायचं, रात्रीतून कुणी टाकलेला कचरा उचलायचा. वाळलेली पानं जाळायची नाहीत, ती झाडाच्याच बुंध्याशी पसरायची, म्हणजे मातीतला ओलावा टिकतो आणि पानांचं खतही होतं. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे रोप जगलं की नाही ते पुन्हा पुन्हा जाऊन बघणं.

आणि इथे आपल्या मराठी माणसाची हमखास फसगत होते. आपल्याकडे झाडं लावायची म्हणजे जून-जुलै. मृग लागला, खड्डा खणला. चेन्नईचं गणित वेगळं. जून ते सप्टेंबर पाऊस येतो, पण मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, परतीच्या वाऱ्यांचा. त्या आधीचा मे महिना म्हणजे 'कत्तिरी', कातरीसारखं कापणारं ऊन. २०१९ च्या उन्हाळ्यात तर शहराचे तलाव कोरडे पडले, टँकरसमोर घागरींच्या रांगा लागल्या. अशा वेळी नव्या रोपाला पाणी द्यायचं की घरी न्यायचं, हा प्रश्न कुणालाही पडेल. म्हणून रोप इथल्या हवेला सरावलेल्या जातीचं हवं. एकदा मूळ धरलं की त्याला रोज बाटलीने दूध पाजावं लागत नाही.

या निवडीची परीक्षा १२ डिसेंबर २०१६ ला झाली. त्या दिवशी 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईवर आलं. शहरात हजारो झाडं पडली. रस्त्यावर सर्वात जास्त आडवे झालेले दिसले ते गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष. दिसायला देखणे, पटकन वाढणारे, पण बाहेरून आणलेले. गुलमोहर तर मूळचा मादागास्करचा. कडुनिंब, करंज, पुन्नै यांनी त्या मानाने बराच तग धरला. सगळा दोष झाडांचाही नाही हं. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं, केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडलेली, मग वारा आल्यावर झाडाने धरायचं कशाला? वादळानंतर निळलसारख्या संस्थांचे लोक एकच गोष्ट सांगत होते: पडलेलं प्रत्येक झाड मेलेलं नसतं, करवत चालवण्याआधी बघा. मुळं बरीचशी शाबूत असतील तर फांद्या छाटून, मुळं ओली ठेवून, लवकरात लवकर झाड पुन्हा उभं करता येतं.

तसंच एक काम तुम्ही तुमच्या गल्लीत उद्याही करू शकता. झाडाला ठोकलेले खिळे बघा. क्लासेसच्या जाहिराती, 'रूम भाड्याने', केबलच्या तारा. रोप लहान असताना लावलेली लोखंडी जाळी खोड जाड झाल्यावरही तशीच राहते आणि हळूहळू सालीत रुतते. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून श्वास घ्यायला जागा करणं, जाळी कापून काढणं, खिळे उपटणं, याला हे लोक झाडाची शुश्रूषाच म्हणतात. महाराष्ट्रात निदान १९७५ पासून शहरातल्या झाडांसाठी कायदा आहे, झाड तोडायला परवानगी लागते. (मिळतेही पटकन, ते सोडा.) चेन्नईत तशा कायद्याची मागणी निळल वर्षानुवर्षं करत आली आहे.

सगळ्या बागा अशाच हातांनी जगतात असं नाही. मैलापूरला लझ चर्च रोडवर नागेश्वर राव पार्क आहे. हे नाव तुम्हाला नवीन असेल, पण त्यांचा माल तुमच्या घरात नक्की आहे: अमृतांजन. काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी ते १८९३ मध्ये सुरू केलं आपल्या मुंबईत, आणि नंतर सगळा बारदाना घेऊन मद्रासला गेले. खंडाळ्याच्या घाटात २०२० पर्यंत जो 'अमृतांजन पूल' होता, त्याला नाव मिळालं ते याच बामच्या जाहिरातीमुळे. तर त्यांच्या नावाच्या या पार्कची देखभाल सुंदरम फायनान्स ही कंपनी करते, आणि छान करते. सकाळी चालणाऱ्यांची गर्दी, बाकांवर पेपर वाचणारे आजोबा, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी लहान मुलांच्या माइकशिवाय होणाऱ्या गाण्याच्या मैफली. मैफलीला तमिळमध्ये 'कच्चेरी' म्हणतात. पहिल्यांदा 'बागेत कच्चेरी आहे' असं ऐकलं तेव्हा मला वाटलं तहसीलदार येणार आहेत.

कंपनीने बाग दत्तक घेतली की माळ्याचा पगार वेळेवर होतो, नळाला पाणी असतं. मला यात काही वावगं वाटत नाही. पण कंपनीचे प्राधान्यक्रम बदलू शकतात, तसे स्वयंसेवकही थकतात. विशी-पंचविशीतले तर नोकरी बदलली की शहरच बदलतात. म्हणून ज्या बागा टिकल्या, तिथे बहुतेक वेळा तिन्ही गोष्टी दिसतात: सरकारची लेखी परवानगी, कुणाचा तरी नियमित पैसा, आणि दर आठवड्याला येऊन टोकणारी माणसं. यातली तिसरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्मिळ.

मुंबईत याची उदाहरणं आहेत. ओव्हल मैदान, २२ एकर, १९९० च्या दशकात इतकं वाईट अवस्थेत होतं की संध्याकाळी तिथून जायला लोक घाबरायचे. आजूबाजूच्या रहिवाशांनी संघटना केली, कोर्टात गेले आणि देखभाल स्वतःकडे घेतली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ ची. आपण ती पेंग्विनसाठी ओळखतो, पण मुळात ती वनस्पती उद्यान आहे. २००७ मध्ये तिचा कायापालट करण्याचा मोठा आराखडा आला तेव्हा काही महिलांनी झाडांची एकेक नोंद घेऊन, अर्ज करून, सभांना जाऊन त्याला विरोध केला. त्या वेळचा तो आराखडा तसा पुढे गेला नाही. कोट्टूरपुरममध्ये लोकांनी बाग नव्याने केली, भायखळ्यात होती ती वाचवली. दुसरं काम जास्त चिकाटीचं असावं, कारण वाचलेल्या बागेत दाखवायला नवं काहीच नसतं.

चेन्नईतही सगळ्याच बागांचं नशीब चांगलं नव्हतं. शेनॉय नगरचा तिरु वि का पार्क भुयारी मेट्रो स्टेशनच्या कामासाठी घेतला गेला, मोठी झाडं गेली आणि बाग अनेक वर्षं बंद राहिली. मेट्रो मीही वापरते, आवडीने. तरी एक साधा हिशोब आहे. भुयारी स्टेशनच्या छतावर पुन्हा बाग करता येते, हिरवळ येते, खेळणी येतात. पण खाली काँक्रीट असेल तर वडाची मुळं जाणार कुठे? सत्तर वर्षांची सावली तिथे पुन्हा येईल का, हे सांगणारं अजून कुणी भेटलं नाही.

कामानिमित्त किंवा मुलांना भेटायला चेन्नईला गेलात, तर रविवारी सकाळी कोट्टूरपुरमला चक्कर मारा. तमिळ येत नसलं तरी चालतं, कुदळीला भाषा लागत नाही. जुने बूट घाला, पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, डास चावतील तेही धरून चाला. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना झाडांची मराठी नावं विचारत फिरा आणि तिथल्या मुलांना तमिळ नावं सांगायला लावा. जांभळाखाली हा खेळ फार वेळ चालत नाही. मे-जूनमध्ये गेलात तर दोन्ही भाषांतली मुलं एकाच रंगाच्या जिभा दाखवत बसतात.