मधुमेह, बीपी आणि घरचा पास्ता: काय चालेल, किती चालेल?

“डॉक्टर, पास्ता चालेल का?” बोरिवली-मुलुंडच्या दवाखान्यांत हा प्रश्न हल्ली आंब्याच्या प्रश्नाइतकाच नेहमीचा झाला आहे. विचारणारे बहुधा साठीचे, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेले. घरात नातवंडांसाठी पास्ता होतो आणि आजोबांपुढे वेगळी भाकरी-भाजी येते. मग आजोबा रात्री हळूच फ्रीज उघडतात. त्यांना सगळ्यांबरोबर ताटात मोजून पास्ता वाढणे हे या चोरून खाण्यापेक्षा केव्हाही बरे. मात्र तो घरी, ताज्या टोमॅटोत केलेला हवा.

पास्ता म्हणजे मैदाच ना?

प्रत्येक वेळी नाही. इटलीतला सुका पास्ता ड्युरम या कडक गव्हाच्या रव्याचा असतो. आपला बन्सी गहू याच जातीचा. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असे लिहिले असेल तो घ्या. मैदा लिहिलेला असेल तर ठेवून द्या.

ड्युरमच्या पास्त्याची बांधणी घट्ट असते, त्यामुळे त्यातला स्टार्च सावकाश पचतो. रक्तातली साखर किती वेगाने वाढते हे दाखवणारा ग्लायसेमिक इंडेक्स पांढऱ्या ब्रेडचा सुमारे 75 असतो, तर साध्या स्पॅगेटीचा 50 च्या आसपास. पण पास्ता गिचका होईपर्यंत शिजवला की हा फायदा कमी होतो. भाताला कणी राहते तसा, दाताला किंचित लागेल इतपत शिजवा. इटालियन लोक याला ‘अल देंते’ म्हणतात. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी एक तुकडा चावून पाहा.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे: कोरडा पास्ता वजनाने कणकेइतकाच धरा. 60 ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण 45 ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे दोन मध्यम पोळ्यांएवढी. शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून जास्त होते, म्हणून मोजायचे ते कोरडे असतानाच. पास्त्यासोबत गार्लिक ब्रेड नको. ती तिसरी-चौथी पोळीच आहे, वर बटर लावलेली.

खरी गडबड सॉसमध्ये

घाटकोपरच्या खाऊगल्लीतला चीजने झाकलेला पास्ता किंवा घरचा व्हाइट सॉस यांत मैदा, बटर, दूध आणि चीज एकत्र येतात. अशा जेवणानंतर साखर उशिरा आणि जास्त वेळ चढलेली राहू शकते. दोन तासांची तपासणी बरी येते, पण सकाळची वाढलेली दिसते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण डोस मनाने वाढवू नये.

बीपीवाल्यांसाठी मुद्दा मिठाचा. दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभरापेक्षा, कमी हवे. तयार सॉस, केचप, चीज आणि सीझनिंगच्या पुड्या या सगळ्यांत मीठ असतेच. लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला अडीचने गुणा. 500 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ.

म्हणून सॉस घरी करा. चौघांसाठी आठ-दहा लाल, पिकलेले टोमॅटो घ्या. खाली चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवा, साल सुटते. चार चमचे तेलात ठेचलेला लसूण मंद परता, टोमॅटो चिरून घाला आणि पंधरा-वीस मिनिटे आटू द्या. ऑलिव्ह ऑइल असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचे चालेल. कॅलरी दोन्हींत सारख्याच. टोमॅटोतले लायकोपीन तेलात शिजल्यावर शरीरात जास्त शोषले जाते. बेसिलची पाने शेवटी घाला. बेसिल म्हणजे ज्या झाडाचे बी आपण सब्जा म्हणून खातो तेच. कुंडीत सहज येते. जैन पद्धतीने करत असाल तर लसणाऐवजी मिरपूड आणि भरपूर बेसिल.

आता त्यात शिजवलेले काबुली चणे किंवा राजमा घाला. हा देशी जुगाड नाही, चणे-पास्ता आणि राजमा-पास्ता इटलीतल्या घरांतले जुने पदार्थ आहेत. प्रथिने आणि फायबर वाढते आणि 60 ग्रॅम पास्त्यात पोट भरते. फरसबी, सिमला मिरची, पालक यांतले जे ताजे मिळेल ते घाला. चीज हवेच असेल तर चमचाभर किसून ताटात वरून, कढईत नाही.

यांनी आधी विचारावे

किडनीचा आजार असून पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले असेल, तर आटवलेला टोमॅटो अडचणीचा ठरतो. अशांनी ‘लो सोडियम’ मीठही परस्पर वापरू नये, त्यात बहुधा पोटॅशियम असते. वॉरफरिन किंवा एसेनोकुमेरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर पालक-बेसिलचा वाटीभर पेस्टो अचानक खाऊ नका. पालेभाजीचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवा. सीलिअॅक आजारात गव्हाचा कुठलाच पास्ता चालत नाही, खपलीचाही नाही. अॅसिडिटीचा त्रास असेल तर हे जेवण दुपारी करा.

मुंबईच्या उकाड्यात शिजवलेला पास्ता ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवण्याची पद्धत तर पूर्ण बंद करा. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्या तेलाला वास किंवा चव बदललेली येईलच असे नाही. असे काही खाल्ल्यावर दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलायला किंवा गिळायला त्रास होणे असे झाले, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.