फुटेज घरातच ठेवा, पण टीव्हीखाली नको

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत सोडलं की चौफुल्याच्या आधी भांडगाव लागतं. रस्त्याकडेला दुकानं आणि हॉटेलं, आत गेलं की उसात विखुरलेल्या वस्त्या. कॅमेरे आता दोन्हीकडे पोचलेत. दुकानात ते गल्ल्यावर रोखलेले असतात, वस्तीवर गोठ्यावर नाहीतर विहिरीच्या मोटारीवर. कॅमेरा कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर तासन्‌तास चर्चा होते. रेकॉर्डिंग साठतं कुठं, घरातल्या डीव्हीआर नावाच्या खोक्यात की नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर म्हणजे क्लाउडवर, हे मात्र बसवायला आलेल्या पोरावर सोडून दिलं जातं. चोरी झाल्यावर सगळे त्या पोराला फोन लावतात.

‘डीव्हीआर जुना झाला, आता सगळं क्लाउडवर’

हे शहरातल्या फायबरवाल्याला शोभतं. वस्तीवर आधी हिशोब करावा. साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट रेकॉर्डिंग तयार करतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. रोज २ जीबी देणाऱ्या सिमवर हे चढवायला घेतलं, तर सव्वादोन तासांत दिवसाचा डेटा संपतो. म्हणूनच घरगुती क्लाउड कॅमेरे बहुधा सलग रेकॉर्डिंग चढवतच नाहीत. हालचाल दिसली की तेवढी छोटी क्लिप वर जाते, आणि ती काही दिवस राहावी म्हणून महिन्याचे पैसे भरावे लागतात. रेंज गेली तर तीही जात नाही.

घरातल्या हार्डडिस्कला रिचार्ज लागत नाही. तरीही ‘क्लाउड नसेल तर मोबाइलवर दिसणार नाही’ असं सांगून महिन्याची वर्गणी गळ्यात मारली जाते. थेट चित्र पाहणं वेगळं आणि फुटेज साठवणं वेगळं. डीव्हीआरला नेट जोडलं की मुंबईत बसलेला मुलगा गोठा पाहू शकतो. साठा तरीही घरातच राहतो.

‘एक टीबी म्हणजे महिनाभराची चिंता मिटली’

एका कॅमेऱ्याला मिटली. चार कॅमेरे सलग चालले तर दिवसाला ८६ जीबी लागतात आणि एक टीबी साडेअकरा दिवसांत भरते. मग यंत्र न विचारता सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहू लागतं. लग्नाला म्हणून पंधरा दिवस परगावी गेलात आणि परत आल्यावर मोटारीची केबल कापलेली दिसली, तर चोरी पहिल्या दोन-तीन रात्रींतली असल्यास ती रात्र डिस्कवर उरलेलीच नसेल. महिनाभर हवं असेल तर चार कॅमेऱ्यांना तीन-चार टीबी धरा.

यावर तोडगा म्हणून ‘फक्त हालचाल झाल्यावर रेकॉर्ड कर’ असं ठेवतात. चांगलं आहे, पण शेतात हलत काय नसतं? वाऱ्यावर ऊस हलतो, पावसात थेंब चमकतात. सर्वांत वाईट म्हणजे कोळी. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांसाठी कोळी काचेसमोरच जाळं विणतो, आणि तो एक धागा झुलत राहिला की यंत्राला रात्रभर ‘हालचाल’ दिसते. डिस्क भरते, मोबाइल दर दोन मिनिटांनी वाजतो, शेवटी माणूस सूचनाच बंद करतो. काच महिन्यातून दोनदा मऊ फडक्यानं पुसणं आणि हालचालीची चौकट दारापुरती, मोटारीपुरती आखणं, हा त्यावरचा इलाज.

कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड घालणारेही बरेच आहेत. साधं कार्ड सततच्या लिहिण्यानं लवकर झिजतं. कॅमेऱ्यासाठी बनवलेलं जास्त टिकाऊ कार्ड वेगळं मिळतं. शिवाय चोरानं कॅमेरा उपटला की पुरावाही त्याच्याच खिशात.

‘घरात आहे म्हणजे सुरक्षित’

दिवाणखान्यात टीव्हीखाली निळे दिवे लुकलुकणारं खोकं असतं. घरात शिरलेल्याला ते पहिलं दिसतं. वायर ओढून ते नेलं की चारही कॅमेऱ्यांनी केलेलं काम वाया. डीव्हीआर माळ्यावर, धान्याच्या कोठीमागं किंवा कुलपाच्या कपाटात ठेवा, फक्त हवा खेळती हवी. वायर थोडी जास्त लागेल. दारासमोरच्या एका कॅमेऱ्यापुरती दुसरी प्रत भावाच्या घरी किंवा क्लाउडवर जाऊ द्या. क्लाउडचा खरा उपयोग मला एवढाच दिसतो, आणि तो छोटा नाही.

लाइटचंही तसंच. वस्तीवर ती कधी जाईल याचा नेम नसतो. चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून तीस-चाळीस वॉट खातात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी त्यांना जेमतेम दोन तास ओढते. घरात इन्व्हर्टर असेल तर ही जोडणी त्यावरच घ्यावी.

राहिला चोरून पाहण्याचा प्रश्न. क्लाउडमध्ये तो धोका आहेच. वाइझ या अमेरिकी कंपनीच्या सेवेत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली चित्रं दिसली. पण घरातला डीव्हीआर नेटला जोडला की तोही चव्हाट्यावर येऊ शकतो. २०१६ च्या मिराय व्हायरसनं कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभर ताब्यात घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं फुटेज विकलं जात असल्याचं उघड झालं, आणि त्या तपासात पकडलेल्यांत लातूर व सांगलीकडचे तरुणही होते. ‘लोकल’ हा शिक्काही तपासून घ्यावा: सगळं घरातच राहतं असं सांगणाऱ्या युफी कंपनीच्या कॅमेऱ्यांतून छोटी चित्रं क्लाउडवर जात असल्याचं २०२२ मध्ये निघालं.

तेव्हा बसवणारा निघण्याआधी त्याच्यासमोरच पासवर्ड बदला.

‘मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढला, झाला पुरावा’

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला झाला. कोर्टाचं वेगळं असतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण हा त्यातला कळीचा पुरावा. सीडी मिळाली, पण ती कुठल्या यंत्रातून कशी निघाली हे सांगणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रतीला प्रमाणपत्र लागतंच; मात्र मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकानं साक्ष दिली तर त्याची गरज नाही. गोरंट्याल यांनी सगळे प्रयत्न केले होते, म्हणून त्यांना सूट मिळाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणितानं निघणारा लांबलचक आकडा. क्लिपचा एक सेकंद कापला तरी तो बदलतो. म्हणून क्लिप कापू नका, सजवू नका. मेनूमधून मूळ रूपातच पेनड्राइव्हवर घ्या, आणि डिस्क भरत आली असेल तर पोलीस येईपर्यंत त्यावरचं रेकॉर्डिंग थांबवा. डिस्क घरात आहे याचा फायदा इथं होतो. मूळ यंत्र तुमच्याच हातात असतं.

आणि घड्याळ बघा. आतली बटणासारखी बॅटरी मेली की लाइट गेल्यावर डीव्हीआरची तारीख भलत्याच वर्षात जाते. एरवीही वेळ हळूहळू सरकते. चोरीनंतर लक्षात आलं तर वेळ दुरुस्त करायला जाऊ नका. स्क्रीनवरची वेळ आणि खरी वेळ यांत किती मिनिटांचा फरक आहे, तो पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा.