समुद्र नसलेल्या प्रदेशाचे बंदर : लाभ मोजावा कसा?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'बंदर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भरती-ओहोटी, गलबते, धक्का आणि खारा वारा उभा राहतो. खानदेशच्या वाट्याला यातले काहीच आलेले नाही. आपली तापी समुद्राला मिळते ती सुरतेजवळ. भुसावळ, अमळनेर, शिरपूरच्या बाजूने ती वाहते खरी, पण मालाची जहाजे काही तिच्यातून वर आली नाहीत. अशा प्रदेशात 'कोरडे बंदर' हवे अशी मागणी होते, तेव्हा प्रथम हसू येते. मग त्या मागणीबरोबरच 'इतक्या हजारांना रोजगार', 'इतक्या कोटींची उलाढाल' असे आकडे वाचनात येतात आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो : हे आकडे काढतात तरी कसे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचाच थोडा विचार करावयाचा आहे.

कोरडे बंदर म्हणजे काय?

समुद्रबंदरावर जी कामे होतात त्यांपैकी जहाजात माल चढविणे सोडून बहुतेक सर्व कामे देशाच्या आतल्या भागात उरकण्याची सोय म्हणजे कोरडे बंदर. माल पोलादी पेटाऱ्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरला जातो. सीमाशुल्क खात्याचे अधिकारी तेथेच तपासणी करून मोहोर लावतात. आणि तो पेटारा रेल्वेने किंवा ट्रेलरवरून न उघडता थेट जहाजापर्यंत जातो. भारतात असे पहिले आगार १९८१ साली बंगलोरला निघाले. १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशनची स्थापना झाली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि देशभर आगारांचे जाळे पसरू लागले. आपल्या भुसावळलाही कॉर्पोरेशनने आगार काढले. २०१५ मध्ये जालना आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदी येथे नव्या कोरड्या बंदरांचा शिलान्यास झाला. शेजारच्या मुलखाला मिळाले, मग आपल्यालाही हवे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाटणे निराळे आणि मोजणे निराळे.

मागचा धडा

खानदेशला हा अनुभव नवा नाही. मोगल काळात बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा व्यापारी मार्ग याच भागातून जाई. कापड आणि नीळ बैलांच्या पाठीवरून बंदर गाठीत. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला. पण हा पैसा रेल्वेमुळे आला की युद्धामुळे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, तर श्रेय कोणाच्या पदरी घालावे?

'नसते तर काय झाले असते?' हा प्रश्न विचारल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ मध्ये नेमका हाच प्रश्न आपल्या देशातील रेल्वेबाबत विचारला. रेल्वे नसती तर माल कालव्यांनी आणि गाड्यांनी गेला असता. त्याला जो जादा खर्च आला असता तेवढाच रेल्वेचा खरा लाभ, असे त्यांनी धरले. हा लाभ लोकांच्या समजुतीपेक्षा पुष्कळच लहान निघाला आणि मोठा वाद माजला.

भारतातील रेल्वेवर डेव्ह डोनाल्डसन यांनी केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वाहतूक किती महाग होती हे शोधण्यासाठी त्यांनी मिठाचा आधार घेतला. मीठ ठराविक ठिकाणीच पिकते आणि विकले मात्र सगळीकडे जाते. तेव्हा मिठागरावरचा भाव व दूरच्या बाजारातला भाव यांतील फरक म्हणजे बव्हंशी वाहतुकीचाच खर्च. रेल्वे आलेल्या जिल्ह्याचे शेतीचे वास्तव उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढले असे त्यांना आढळले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जे रेल्वेमार्ग कागदावर आखले गेले पण प्रत्यक्षात झाले नाहीत, त्या जिल्ह्यांकडेही त्यांनी पाहिले. तेथे अशी वाढ दिसली नाही. म्हणजे लाभ खरोखर रुळांचा होता, आखणाऱ्यांनी मुळातच सुपीक जिल्हे निवडल्याचा नव्हे.

तीन वर्तुळे

आता आगाराच्या आकड्यांकडे वळू. सामान्यतः लाभाची तीन वर्तुळे मोजतात. पहिले प्रत्यक्ष : आगारातील हमाल, मुकादम, क्रेनचालक, कारकून यांचे वेतन. दुसरे अप्रत्यक्ष : आगाराला डिझेल, टायर, दुरुस्ती, खोकी पुरविणाऱ्यांचे उत्पन्न. तिसरे प्रेरित : या सर्वांनी आपला पगार किराणा दुकानात, फुले मार्केटात, मुलांच्या फीमध्ये खर्च केल्याने इतरांना मिळणारे उत्पन्न. एका उद्योगाचा माल दुसऱ्या उद्योगात किती लागतो याची कोष्टके मांडून हा हिशेब करण्याची पद्धत वासिली लिओन्टिएफ यांनी घालून दिली. त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पद्धत चांगली आहे, पण तिचा गैरवापर सोपा आहे. वर्गात शिकलेला गुणक आठवावा. मिळालेल्या रुपयापैकी ४० पैसे जिल्ह्यातच खर्च होत असतील, तर एक रुपयाचे शेवटी सुमारे १ रुपया ६७ पैसे होतात. ७० पैसे धरले, तर ३ रुपये ३३ पैसे होतात. संपूर्ण देशाचा विचार करता ७० पैसे कदाचित शोभतील. पण जिल्हा हे गळके भांडे आहे. डिझेल बाहेरचे, ट्रेलर बाहेरचा, क्रेन बाहेरची, कंपनीचा नफाही बाहेर जाणारा. जिल्ह्यात २० पैसेच राहिले, तर गुणक १.२५ वर येतो. म्हणजे केवळ एक गृहीत बदलले की लाभ अडीचपटींहून अधिक फुगतो किंवा आकसतो. म्हणून मोठा आकडा दिसला की प्रथम त्यामागचे गृहीत विचारावे.

चार चुका

पहिली चूक, उलाढालीला लाभ समजणे. आगारातून गेलेल्या मालाची किंमत आगाराने निर्माण केलेली नसते; तो माल शेतकऱ्याने व कामगाराने आधीच पिकविलेला किंवा घडविलेला असतो.

दुसरी चूक, स्थलांतराला वाढ समजणे. जळगावच्या डाळ मिलचा किंवा पाइप कारखान्याचा माल पूर्वी ट्रकने न्हावा-शेव्याला जात होता आणि आता भुसावळमार्गे जाऊ लागला, तर आगारात नोकऱ्या निर्माण होतील. पण तितक्याच ट्रकवाल्यांच्या खेपा कमी होतील. बेरीज करताना वजाबाकीही मांडलीच पाहिजे.

तिसरी चूक, अनुदानाला बचत समजणे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली-दानापूर ही पहिली किसान रेल्वे सुरू झाली. पुढे फळभाज्यांच्या भाड्यात निम्मे अनुदान मिळू लागले. माल पाठविणाऱ्याचा खर्च कमी झाला हे खरे, परंतु तो अर्धा भार सरकारी तिजोरीने उचलला. रेल्वेने वाहतूक किती स्वस्त झाली, हे त्यावरून ठरत नाही.

चौथी चूक, जमिनीला फुकट समजणे. आगाराला शेकडो एकर लागतात. काळी कसदार जमीन गेली, तर तिच्यावर होऊ शकणारे पीक हा त्या आगाराचा वैकल्पिक खर्च होय.

केळीच्या घडाचा हिशेब

मग मोजावे काय? आपल्या ओळखीच्या पिकावरूनच पाहू. सावदा, रावेर, निंभोरा या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जात, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता वातानुकूलित कंटेनरमधून ती आखाती देशांकडेही जाते. केळी नाजूक फळ. तिला वाटेत १३ ते १४ अंश तापमान लागते. त्याहून फार गार झाले तर साल काळवंडते, गरम झाले तर वाटेतच पिकते.

समजा, एका कंटेनरमध्ये २० टन, म्हणजे २०० क्विंटल केळी बसली आणि भाव १,५०० रुपये क्विंटल आहे. पुढील सर्व आकडेही केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. ट्रेलरने थेट समुद्रबंदरापर्यंत ५०,००० रुपये लागतात असे धरू. आगारामार्गे नेल्यास मळ्यापासून आगारापर्यंत ६,०००, चढ-उतारीचे ४,००० आणि रेल्वेभाडे ३४,०००, असे एकूण ४४,००० रुपये. बचत ६,००० रुपयांची. पण गाडी भरेपर्यंत एक दिवस जादा थांबावे लागले आणि शंभरात एक क्विंटल माल बिघडला, तर दोन क्विंटलचे ३,००० रुपये गेले. उरले ३,०००, म्हणजे क्विंटलमागे १५ रुपये. जाहिरातीत त्याच कंटेनरची 'तीन लाखांची उलाढाल' छापली जाईल. खरा लाभ तिच्या एक टक्का आहे. आणि थांबण्याचे दिवस दोन झाले, तर तोही शून्य! यावरून ध्यानात येईल की कोरड्या बंदराचे यश त्याच्या इमारतीत नसून गाडी वेळेवर सुटण्यात आहे.

पण खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. हे १५ रुपये कोणाच्या खिशात जातात? केळी कापल्यावर घरात साठवून ठेवता येत नाही. घड तयार झाला की तो त्या आठवड्यात विकलाच पाहिजे. बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला याकडे रावेर-यावलचा शेतकरी कान लावून बसतो, आणि पुष्कळदा प्रत्यक्ष मळ्यात त्याहून कमीच पदरात पडते. घेणारे थोडे आणि विकणारे असंख्य असतील, तर वाहतुकीतली बचत व्यापाऱ्याच्या वहीतच मुरेल. म्हणून मळ्यातला भाव आणि बंदरावरचा भाव यांतील अंतर मोजले पाहिजे. डोनाल्डसन यांनी मिठावरून जे केले ते आपण केळीवरून करू शकतो. आगार आल्यावर हे अंतर घटले, तर शेतकऱ्याला लाभ झाला. आगारात कंटेनर वाढले पण अंतर तेवढेच राहिले, तर लाभ झाला खरा, मात्र तो दुसऱ्याला.

धुळ्याची वेळ

धुळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांस छेदतात. रेल्वे मात्र चाळीसगावहून आलेल्या, १९०० साली सुरू झालेल्या शाखेवर येऊन थांबते. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये आहे. या मार्गाने धुळे शाखेचे टोक न राहता मुख्य वाटेवर येईल. नरडाणा परिसर दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात आहेच.

म्हणूनच मोजणीची खरी वेळ आत्ताची आहे. रूळ पडल्यावर 'पूर्वी काय होते' हे कोणालाच नीट सांगता येणार नाही. ज्याच्या त्याच्या आठवणी ज्याच्या त्याच्या सोयीच्या होतील. आधीची नोंद नसेल, तर नंतरचा आकडा म्हणजे एका हाताने वाजविलेली टाळी.

ही नोंद ठेवण्यास मोठी यंत्रणा लागते असे नाही. आपल्या महाविद्यालयात रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने आपल्या गावातील दोन-तीन शेतकऱ्यांकडून मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन्ही हंगामांत एवढेच लिहून आणावे : मळ्यात भाव काय मिळाला, हमाली व वाहतूक किती गेली, माल किती दिवसांनी कोठे पोहोचला, किती बिघडला, पैसे कधी हाती आले. शक्य झाल्यास दोन गावे अशीही निवडावीत की जी नियोजित मार्गापासून दूर आहेत. पुढे तुलनेला तीच उपयोगी पडतील. अर्थशास्त्र विभागाने ही वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी.

उद्या कोणी व्यासपीठावरून 'या बंदराने खानदेशचे भाग्य उजळले' असे म्हटले, किंवा कोणी 'काहीच झाले नाही' असे म्हटले, तर दोघांपुढेही ती वही ठेवता येईल. बंदर होणे न होणे आपल्या हातात नाही. पण त्याचा हिशेब ठेवणे मात्र खचितच आपल्या हातात आहे.