शाळा बदलते तेव्हा पत्ताही बदलतो

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने ऑक्टोबर 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केले. ही एक नोंदवही असून तीत नाव घातलेल्या लहान महाविद्यालयातील खेळाडूशी मोठ्या महाविद्यालयांना उघडपणे बोलणी करता येतात. मुंबईच्या क्रिकेटमध्ये हीच हालचाल कित्येक दशके चालत आली आहे, मात्र ती महाविद्यालयात नव्हे, तर शाळेत होते, कारण येथे निवडकर्त्यांचे लक्ष वेधून घेण्याची संधी चौदा वर्षांखालील जाइल्स शिल्ड आणि सोळा वर्षांखालील हॅरिस शिल्ड या जुन्या आंतरशालेय स्पर्धांत मिळते आणि महाविद्यालय गाठेपर्यंत बहुतेकांची वाट ठरून गेलेली असते.

या स्थलांतराचा सूत्रधार बहुधा प्रशिक्षक असतो. रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्याने सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून दादरच्या शारदाश्रमात गेला आणि पुढे सरावाच्या सोयीसाठी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. 1999 मध्ये दिनेश लाड यांनी रोहित शर्माला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणले, तेव्हा दरमहा 275 रुपये शुल्क घरच्यांना परवडणारे नव्हते, म्हणून लाड यांनी व्यवस्थापनाकडे शब्द टाकून ते माफ करून घेतले. पालघरच्या शार्दूल ठाकूरसाठी तर शुल्कमाफीही पुरेशी नव्हती, कारण रोजचा प्रवासच अशक्यप्राय होता. त्याला लाड यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले.

अंतराचा हा प्रश्न मुंबईत शाळेच्या नावाइतकाच निर्णायक ठरतो. विरारचा पृथ्वी शॉ वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून खेळू लागला, तेव्हा विरार ते वांद्रे हे सुमारे 45 किलोमीटर अंतर किटबॅग सांभाळत, गर्दीच्या लोकलमधून कापावे लागे. पुढे शिवसेनेचे स्थानिक नेते संजय पोतनीस यांच्या मदतीने शॉ पितापुत्रांना वाकोल्यात घर मिळाले आणि वांद्र्याचे मैदान बरेच जवळ आले. वाकोला हा सांताक्रूझ पूर्वेचा चाळी-झोपड्यांचा आणि पुनर्वसन इमारतींचा दाट भाग क्रिकेटच्या नकाशावर क्वचितच दिसतो, तरीही सरावाच्या जागेजवळच्या परवडणाऱ्या छपराची किंमत मोठ्या शाळेतील प्रवेशापेक्षा कमी मानता येणार नाही.

या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शॉने 330 चेंडूंत 546 धावा केल्या आणि रिझवीने 991 पर्यंत मजल मारली. बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस द असिसी शाळेला मात्र धावांची शंभरीही गाठता आली नव्हती. गुणी मुले दोन-चार शाळांत एकवटली की असे सामने होणारच, आणि त्यातून विजेत्यांच्या गोलंदाजांची किंवा हरणाऱ्या फलंदाजांची खरी परीक्षा होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

अमेरिकेत पूर्वी फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूला स्थलांतरानंतर एक हंगाम बाहेर बसावे लागे. 2021 मध्ये पहिल्या बदलीपुरती ही अट उठली आणि 2024 मध्ये, अभ्यासात पात्र असलेल्यांसाठी, पुढच्या बदल्यांनाही मोकळीक मिळाली. जागतिक फुटबॉलमध्ये तर खेळाडू लहानपणी ज्या क्लबात घडला, त्याला नंतरच्या व्यवहारांतून प्रशिक्षणाची भरपाई देण्याचा फिफाचा नियम आहे. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये मात्र मुलाला पहिल्यांदा बॅट हाती देणाऱ्या लहान शाळेच्या वाट्याला अशी भरपाई येत नाही; तिला पुढच्या वर्षी नवा संघ जमवावा लागतो.